नाळेतल्या रक्ताचा सौदा आणि आपल्या घरातला सिकलसेल

गरोदर बाईला सातवा महिना लागला की अलीकडे एक नवा माणूस घराशी ओळख काढू लागला आहे. कधी तो खाजगी दवाखान्यात सोनोग्राफीच्या रांगेत भेटतो, कधी फोन करतो. त्याच्या हातात गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक असते आणि त्यावर गोऱ्यागोमट्या बाळाचे चित्र. (आपल्या बाळांसारखे बाळ त्या कागदावर कधी दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.) तो सांगतो, बाळ जन्मले की नाळेतले रक्त आमच्या कंपनीत साठवा. त्यात मूळ पेशी म्हणजे स्टेम सेल असतात, आणि पुढे मोठा आजार झाला तर त्याच बाळाला वाचवतील. ऐंशी आजारांची यादीही दाखवतो. पैसे एकदम नसतील तर हप्ते बांधून देतो. आणि निघताना एक वाक्य टाकून जातो, ‘बाळासाठी एवढंही नाही करणार?’

या वाक्यानेच घरात भांडण लागते. सासू म्हणते भिशीचे पैसे उचलू, नवरा म्हणतो कर्ज काढू. कंपनी आणि मुदत पाहून ही रक्कम पन्नास-साठ हजारांपासून लाखाच्या आसपास जाते. वस्तीतल्या घरात हे बाळंतपणाचे, बाळाच्या दुधाचे आणि पुढल्या दोन-तीन वर्षांच्या औषधपाण्याचे पैसे आहेत.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या बहुतेक घरांनी हे पैसे देऊ नयेत. ज्या आजाराची आपल्या समाजाला सर्वांत जास्त धास्ती आहे, त्या सिकलसेलसाठी तर बाळाचे स्वतःचे नाळेचे रक्त बिनकामाचे आहे. पण म्हणून स्टेम सेलचे विज्ञान खोटे आहे असे कोणी समजू नये. ते खरे आहे, मोठे आहे, आणि त्यात आपला हक्काचा वाटा आहे. तो एजंटकडून हप्त्यावर मिळत नाही, सरकारी इस्पितळात मागावा लागतो. हे कसे ते आता नीट समजून घेऊ.

आपल्या अंगातल्या बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. कातडीची पेशी कातडीचे काम करते, मेंदूची मेंदूचे. मूळ पेशी मात्र दोन कामे करते. ती स्वतःसारखी दुसरी पेशी घडवते आणि गरजेप्रमाणे वेगळ्या कामाच्या पेशीही घडवते. हाडांच्या आतल्या मज्जेत, ज्याला डॉक्टर बोन मॅरो म्हणतात, रक्ताच्या मूळ पेशी असतात. आपल्या तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका रोज तिथे तयार होतात. कॅनडातील टोरांटोचे शास्त्रज्ञ जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलॉक यांनी १९६१ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. पुढे ई. डॉनल थॉमस या अमेरिकन डॉक्टरने एका माणसाची मज्जा दुसऱ्याला देण्याचे तंत्र उभे केले. त्यांना १९९० चे नोबेल मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल इस्पितळात १९८३ साली पहिले मज्जा प्रत्यारोपण झाले. म्हणजे स्टेम सेलचा खरा उपचार आपल्या राज्यात चाळीस वर्षांहून जुना आहे, आणि तो एका सार्वजनिक संस्थेत सुरू झाला. माहितीपत्रकात हे कुठे लिहिलेले नसते.

नाळेत आणि वारेत उरलेल्या रक्तातही याच रक्ताच्या मूळ पेशी असतात. ते रक्त वापरून जगातले पहिले प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसला झाले. एलियान ग्लुकमन या डॉक्टर बाईंनी ते केले. रुग्ण होता एक लहान मुलगा, त्याला फँकोनी ॲनिमिया नावाचा जन्मजात रक्ताचा आजार होता. त्याला दिलेले नाळेचे रक्त कोणाचे होते? त्याच्या नवजात बहिणीचे. त्याचे स्वतःचे नव्हे. त्याच्या स्वतःच्या नाळेचे रक्त कोणी साठवून ठेवले असते तरी ते कामी आले नसते, कारण आजार त्याच्या प्रत्येक पेशीत जन्मापासून लिहिलेला होता, नाळेतल्या पेशीतसुद्धा.

एजंट नेमके हेच सांगत नाही. त्या ऐंशी आजारांतले बरेचसे जन्मजात रक्ताचे आजार आहेत. त्यांत दुसऱ्या निरोगी माणसाच्या पेशी लागतात. रक्ताच्या कर्करोगातही डॉक्टर बहुधा मुलाच्या स्वतःच्या नाळेचे रक्त टाळतात, कारण आजाराचे बीज जन्मावेळीच त्यात असण्याची शक्यता असते. शिवाय एका नाळेतले रक्त थोडे असते. लहान मुलाला ते पुरते, मोठ्या माणसाला सहसा पुरत नाही. मग स्वतःचे साठवलेले रक्त स्वतःला लागण्याची शक्यता किती? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१८ साली यावर निवेदन काढले. त्यात दिलेला अंदाज ०.०४ टक्के ते ०.०००५ टक्के असा आहे. म्हणजे फार तर अडीच हजार मुलांत एक, आणि कमीत कमी धरले तर दोन लाख मुलांत एक. केवळ विमा म्हणून खाजगी कंपनीत रक्त साठवू नका, असे त्या निवेदनात स्पष्ट म्हटले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचीही, म्हणजे आयसीएमआरचीही, हीच भूमिका आहे.

आता सिकलसेलकडे येऊ, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त प्रश्न याच बाबतीत येतात.

विदर्भात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इथल्या आपल्या वस्त्यांत एखाद्या गल्लीत विचारले तर कोणी ना कोणी एसएस पॅटर्नचे मूल दाखवतेच. हातापायाची हाडे दुखतात, सांधे सुजतात, डोळे पिवळे होतात, रात्र रात्र पोर रडते. नागपूरचे डॉक्टर शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या मासिकात केली. तेव्हापासून आपला समाज आणि आदिवासी बांधव यांच्यात त्याचे प्रमाण जास्त आहे हे डॉक्टरांना माहीत आहे. कोणी याला रक्ताचा दोष म्हणून हिणवत असेल तर त्याला सांगावे, की ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसे मेली, तिथेच हा गुण टिकला, कारण वाहकाला, म्हणजे एएस पॅटर्नच्या माणसाला, गंभीर मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. पापपुण्याचा यात काही संबंध नाही.

आई आणि बाप दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. एएस होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक. एक मूल एसएस झाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही, दर वेळी फासा नव्याने पडतो. अशा घरात बाळाच्या नाळेचे रक्त ‘त्याच्याच सिकलसेलसाठी’ साठवा असे कोणी सांगत असेल तर तो एकतर अडाणी आहे किंवा फसवतो आहे. एसएस बाळाच्या नाळेतल्या पेशीही एसएसच असतात. त्या परत त्याच्याच अंगात घातल्या तर विळ्याच्या आकाराच्या त्याच पेशी पुन्हा तयार होतील.

मात्र एक प्रसंग असा आहे की जिथे नाळेचे रक्त जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते, आणि तो आपल्याच घरांत येतो. घरात आधीचे मूल एसएस आहे आणि आईला पुन्हा दिवस गेले आहेत. येणारे बाळ एसएस नसेल आणि त्याच्या पेशी आजारी भावंडाशी जुळत असतील, तर त्याच्या नाळेचे रक्त किंवा पुढे त्याची मज्जा त्या भावंडाला उपयोगी पडू शकते. पेशी जुळणे म्हणजे रक्तगट जुळणे नव्हे. त्यासाठी एचएलए नावाची वेगळी तपासणी असते. सख्ख्या भावंडांत एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाळ एसएस नसण्याची शक्यता चारात तीन. दोन्ही गोष्टी एकत्र जमण्याची शक्यता सोळात तीन. एएस भावंडही दाता होऊ शकते, हे पुष्कळांना माहीत नसते. अशा घरातल्या गरोदर बाईने एजंटशी बोलण्याआधी रक्तविकार तज्ज्ञाशी, म्हणजे हेमॅटॉलॉजिस्टशी, बोलावे. आजारी भावंडासाठी अशी साठवण करायला बालरोगतज्ज्ञांच्या निवेदनाचा विरोध नाही. विरोध आहे तो निरोगी घरांना भीती घालून केलेल्या विक्रीला.

भावंडाच्या जुळणाऱ्या मज्जेने होणारे प्रत्यारोपण हा सिकलसेल मुळातून बरा करणारा, जुना आणि पारखलेला उपचार आहे. जगभरातल्या अशा एक हजार रुग्णांचा अहवाल २०१७ मध्ये ‘ब्लड’ या मासिकात आला. पाच वर्षांनी त्यातले सुमारे ९३ टक्के रुग्ण जिवंत होते, आणि लहान वयात केलेल्यांचा निकाल अधिक चांगला होता. याचा अर्थ शंभरात सातजण गेले, हेही आईबापांनी ऐकून घ्यावे. आधी जोरदार औषधांनी जुनी मज्जा मारावी लागते, त्याने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, आणि नवी मज्जा कधी रुग्णाच्या अंगावरच उलटते. म्हणून प्रत्येक एसएस मुलाला हे करायचे नसते. कोणाला करायचे, ते आजाराचा जोर पाहून डॉक्टर ठरवतात.

बहुतेकांसाठी रोजचे हत्यार दुसरेच आहे, आणि ते अगदी साधे आहे. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. वेदनेचे झटके, छातीचे दुखणे, रक्त चढवण्याच्या खेपा ती कमी करते. ती आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तिच्याबरोबर फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, लहान मुलांना न्यूमोनियाची लस. रक्त तपासत तपासत ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. पुष्कळ घरी दुखणे थांबले की गोळी बंद होते, आणि मग पोर पुन्हा भरती होते. नाळेचे रक्त साठवण्याच्या एका कराराच्या पैशात एका मुलाची किती वर्षांची गोळी होईल, याचा हिशेब ज्याने त्याने घरीच करावा. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळायला हवी. मिळत नसेल तर ती का नाही, हे वस्तीने एकत्र जाऊन विचारावे.

आता त्या रक्ताचा खरा मालक कोण, तेही पाहू. बाळ जन्मल्याक्षणी त्याच्या रक्ताचा मोठा हिस्सा, जवळजवळ तिसरा भाग, नाळेत आणि वारेत असतो. नाळ लगेच न कापता थोडे थांबले तर त्यातले बरेचसे रक्त बाळाच्या अंगात जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, किमान एक मिनिट थांबा. या रक्तातले लोह बाळाला पुढचे कित्येक महिने पुरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. आपल्या वस्तीतले चित्र यापेक्षा बरे असेल असे मानायला काही कारण नाही. अशा देशात बाळाला फुकट मिळणारे रक्त पिशवीत भरायचे, उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायचे आणि त्याचे भाडे बाळाच्या बापाकडून घ्यायचे, हा उलटा न्याय आम्हाला मान्य नाही. नाळ उशिरा कापली तर पिशवीत कमी रक्त येते, त्यामुळे दोन्ही गोष्टी पुरत्या साधत नाहीत. बाळंतपणाच्या वेळी सोबत जाणाऱ्या बाईने नर्सताईला आधीच सांगून ठेवावे, बाळ ठीक असेल तर नाळ जरा थांबून कापा.

काही कंपन्या आता म्हणतात, आमच्याकडे ‘सामुदायिक’ साठा आहे, एकाचे रक्त दुसऱ्याला मिळते. कल्पना चांगली आहे. पण ते ‘दुसरे’ कोण? पैसे भरलेला सभासद. जो भरू शकत नाही त्याच्या पोराला ती पिशवी नाही. खरी सामुदायिक पेढी म्हणजे सार्वजनिक पेढी. तिथे आई रक्त दान करते आणि ज्याला जुळेल त्याला ते मिळते. बाबासाहेब १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामकरी बायांच्या बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकावर बोलले, तेव्हा बाळंतपणाचा भार एकट्या बाईवर टाकू नये, तो देशाच्या हिताचा असल्याने सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. बाळंतिणीच्या रक्ताला बाजारात आणणाऱ्यांना आणि ते पाहत बसलेल्या सरकारला ही मांडणी पुन्हा ऐकवायला हवी.

इथे आणखी एक मुद्दा निघतो, त्याची चर्चा आपल्यात फारशी होत नाही. ज्याला भावंडाची मज्जा जुळत नाही त्याला परका दाता शोधावा लागतो. त्यासाठी दात्यांच्या नोंदवह्या असतात. जगभर अशा नोंदी चार कोटींच्या वर आहेत, भारतात मात्र केवळ काही लाख. एचएलए सहसा आपल्याच समाजातल्या माणसाशी जुळण्याची शक्यता जास्त असते, कारण शतकानुशतके लग्ने जातीतच झाली. जात म्हणजे जातीतच लग्न, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचून सांगितले होते. ही भिंत आता पेशींच्या तपासणीतही दिसते. ती तोडायचीच आहे, पण ती तुटेपर्यंत आपल्या मुलासाठी दाता बहुधा आपल्यातूनच मिळणार. म्हणून नोंदवहीत आपली नावे असायला हवीत. १८ वर्षांपुढच्या निरोगी तरुणाला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नोंद करता येते. पुढे कधी जुळणी झालीच तर बहुधा हातातून रक्त काढून त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करतात आणि उरलेले रक्त परत देतात. सिकलसेलचा वाहक असेल तर त्याने तसे आधी सांगावे, डॉक्टर ठरवतील. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतोच. त्या मांडवात एक टेबल या नोंदीचे लावायला हरकत नाही.

दुसरा बाजार आहे तो दवाखान्यांचा, आणि तो जास्त क्रूर आहे, कारण त्याचे गिऱ्हाईक म्हणजे आधीच खचलेले आईबाप. मूल मतिमंद आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, स्वमग्न म्हणजे ऑटिझमचे आहे, घरातल्या कर्त्याला लकवा झाला आहे. कोणीतरी सांगते, अमुक शहरात स्टेम सेलचे इंजेक्शन देतात. मग रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून मज्जा किंवा पोटातून चरबी काढतात, यंत्रात फिरवतात आणि पाठीच्या कण्यात टोचतात. एका खेपेचे लाख, दोन लाख, आणि खेपा तीन-चार सांगतात. शेत विकले जाते, खोली गहाण पडते. मज्जेतल्या रक्ताच्या मूळ पेशी रक्त घडवतात. त्या टोचल्या म्हणून मेंदूचा हरवलेला भाग उगवतो, याला पुरावा नाही. मूल पुढच्या सहा महिन्यांत थोडे सुधारले तर ते त्याच काळात चाललेल्या फिजिओथेरपीने आणि वाढत्या वयानेही असू शकते. नीट चाचणी न करता ते इंजेक्शनच्या खात्यावर मांडले जाते.

कायदा याबाबत गप्प नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा त्यांच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम काढून टाकला. २०१७ च्या आवृत्तीचा सारांश असा, की रक्ताच्या आजारांसाठीचे मज्जा किंवा रक्तपेशींचे प्रत्यारोपण सोडले तर मानवी अंगात मूळ पेशींचा कोणताही वापर हा प्रयोग आहे. तो मंजूर चाचणीतच करायचा, त्याची जाहिरात करायची नाही आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. नाळेच्या रक्ताखेरीज नाळेची ऊती, दाताचा गर, मासिक पाळीचे रक्त यांच्या व्यावसायिक साठवणीलाही त्यात परवानगी नाही. तरी ‘सोबत नाळेची ऊतीही साठवा’ म्हणून जादा पैसे मागणारे आहेत. नव्या औषधांच्या २०१९ च्या नियमांत मूळ पेशींपासून बनवलेले उत्पादन ‘नवे औषध’ धरले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल देणे हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले. लकवा, मधुमेह, अंधत्व बरे करतो अशा जाहिरातींना १९५४ च्या जादूई उपचारांच्या कायद्याने बंदी आहे. एवढे असून दुकाने चालतात, कारण मार्गदर्शक तत्त्व मोडले म्हणून तुरुंगात जावे लागत नाही, आणि ज्याची फसवणूक झाली तो गरीब मनुष्य लाजेने बोलत नाही. आमच्या मते सरकारची खरी कसूर इथे आहे. तत्त्वे लिहिली, पण ती मोडणाऱ्याला पकडायला माणूस ठेवला नाही.

‘आमचा उपचार सरकारी चाचणीत नोंदलेला आहे’ असे कोणी सांगितले तरी हुरळून जाऊ नये. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तीन स्त्रियांनी पाच हजार डॉलर प्रत्येकी भरून डोळ्यांत चरबीतल्या स्टेम सेल टोचून घेतल्या. त्यांच्यातल्या काहींना वाटले होते की सरकारी संकेतस्थळावर नोंद असलेल्या चाचणीत आपण भाग घेत आहोत. तिघींचीही दृष्टी गेली. ही हकिगत २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डॉक्टरांनी छापली. नोंद झाली म्हणजे मंजुरी मिळाली असे होत नाही. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, संमतीपत्र त्याच्या भाषेत देतात, नैतिक समितीचे नाव सांगतात, आणि इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. पैसे मागितले की तिथूनच परत फिरावे.

केसपुत्त गावच्या कालामांपुढे हाच पेच होता. येणारा प्रत्येक आचार्य आपलेच खरे म्हणे आणि दुसऱ्याला नावे ठेवी. तथागतांनी त्यांना परंपरा, ग्रंथ किंवा बोलणाऱ्याचा मोठेपणा पाहून नव्हे तर परिणाम पारखून स्वीकारायला सांगितले. पांढरा कोट घातलेला आचार्य असला म्हणून ही पारख सोडायची नसते. आपण नवस-बुवाबाजी सोडली ती काही दुसऱ्या दुकानातला ताईत बांधण्यासाठी नाही.

विज्ञान पुढे जात आहे, हेही सांगायला हवे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिकलसेलसाठी कॅसजेव्ही हा उपचार मंजूर केला. त्यात रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढून, क्रिस्पर तंत्राने त्यांच्यातल्या जनुकात बदल करून परत देतात, म्हणजे दाता शोधावाच लागत नाही. अमेरिकेत तो सर्वप्रथम घेणारी सिकलसेलची रुग्ण व्हिक्टोरिया ग्रे ही मिसिसिपीची कृष्णवर्णीय स्त्री. तिथेही हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांचा, आणि तिथेही दशकानुदशके संशोधनाचा पैसा त्याच्याकडे वळत नव्हता. मंजुरीच्या वेळी या उपचाराची किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा-एकोणीस कोटी रुपये. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठीच क्रिस्परचे भारतीय तंत्र तयार केले आहे आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी त्यासाठी करार झाला आहे. इस्पितळात जाऊन मागावे असे औषध ते अजून झालेले नाही. पण ते जनतेच्या पैशातून उभे राहिले आहे. उद्या ते तयार होईल तेव्हा त्याची किंमत कोण ठरवणार, आणि ज्यांच्या रक्ताचे नमुने घेऊन हा आजार सत्तर वर्षे अभ्यासला गेला त्या वस्त्यांना ते मिळणार का, हा प्रश्न आतापासून विचारायला हवा. जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तपासणी हवीच. पण नुसते कार्ड हातात देऊन भागत नाही. विदर्भातल्या सरकारी इस्पितळात भावंडाच्या मज्जेचे प्रत्यारोपण नियमित आणि गरिबाला झेपेल असे व्हायला हवे, एचएलए तपासणी फुकट हवी. आमची मागणी एवढी सरळ आहे.

ज्यांनी आधीच करारावर सही केली आहे त्यांनी घाबरू नये. करार बाहेर काढा. पैसे परत मिळण्याची अट, हप्ता थांबवल्यास काय, कंपनी बंद पडली तर पिशवीचे काय, आणि बाळंतपणात रक्त पुरेसे निघाले नाही तर काय, हे चार मुद्दे वाचून घ्या. इंग्रजी समजत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा विहारातल्या कोणाकडून वाचून घ्या. ‘ऐंशी आजार तुमच्याच बाळाचे बरे होतील’ असे लेखी किंवा व्हॉट्सॲपवर सांगितले असेल तर तो निरोप पुसू नका, तोच पुरावा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही.

आणि ज्या घरात एसएस मूल आहे त्यांच्यासाठी. सिकलसेल हा २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांगत्वाच्या यादीत आहे. प्रमाणपत्र काढून घ्या. सरकारी इस्पितळातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून मुलाची एचएलए तपासणी आणि प्रत्यारोपणासाठी कोणती योजना लागू होते ते विचारा. सोबत न्या: मुलाचा तपासणीचा अहवाल, आईबाप आणि सगळ्या भावंडांचे सिकलसेलचे पॅटर्न, आधीच्या भरत्यांचे डिस्चार्ज कार्ड, रेशन कार्ड. भावंडांची तपासणी झालेली नसेल तर आधी ती करून घ्या.